पिअर्सकाकांचं भाषण

"निदान खिशात तरी असू दे," पद्मजा म्हणाली. "बघू नका हवं तर. पण कागद असू दे जवळ."

"पिअर्सनं घेतला होता?"

दारातल्या बाकावर बसून दीनानाथ बूट चढवत होते. डावा बूट उजव्या पायात जाईना म्हणून चेहरा लाल झाला होता. "चार मार्च, अठराशे त्रेपन्न. बर्फ पडतोय, समोर हजारो माणसं उभी, आणि हा माणूस सबंध भाषण तोंडपाठ म्हणतोय. त्याच्याआधी एकाही प्रेसिडेंटला जमलं नव्हतं ते. आणि त्याच्यावर बोलायला मी कागद घेऊन जाऊ?"

"तो अठ्ठेचाळीसचा होता तेव्हा. तुम्ही शहात्तरचे आहात."

"म्हणजे मी जास्त वर्षं पाठ केलंय."

पद्मजा गुडघ्यावर बसली, तिनं बूट बदलून दिले, नाड्या बांधल्या. हल्ली हे करताना ती वर त्यांच्या तोंडाकडं बघत नसे. बघितलं की ते ओशाळत. मुद्द्यांचा कागद तिनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता: बालपण, निवडणूक, अपघात, शपथ, कॅन्सस, शेवट. तो तिनं घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि गाडीची किल्ली घेतली. सप्टेंबरात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवसापासून किल्ली तिच्याकडे असे.

फ्रँकलिन पिअर्स हा अमेरिकेचा चौदावा अध्यक्ष. कॅनडात राहणाऱ्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं असायचं कारण नाही. अमेरिकेतल्या माणसालाही नसतं. इतिहासकार बऱ्यावाईट अध्यक्षांची क्रमवारी लावायला बसले की हा तळाशी सापडतो. दक्षिणेतल्या गुलाममालकांना सांभाळून घेता घेता त्यानं कॅन्सससारख्या नव्या मुलखात गुलामगिरीला वाट मोकळी करून दिली आणि देश यादवीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. त्याच्याच पक्षानं त्याला दुसऱ्यांदा उभं केलं नाही. मग न्यू हॅम्पशरमधल्या आपल्या गावी परतून तो पीत राहिला आणि त्यातच गेला. पण रिचमंड हिलमधल्या दीनानाथ आणि पद्मजा टिपणिसांच्या बेसमेंटमध्ये त्याची तसबीर लावलेली होती, आणि खाली दोन कपाटं भरून त्याच्यावरची पुस्तकं होती. मराठी मंडळात दीनानाथांना सगळे 'पिअर्सकाका' म्हणत. मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांचा लेख ठरलेला. संपादक बदलायचे, लेख यायचाच. "काका, या वर्षी काय केलं तुमच्या पिअर्सनं?" असं कुणी विचारलं की तेही हसायचे.

नव्यानं आलेल्या आयटीवाल्यांना ती एक गंमत वाटे. जुन्या चारदोन घरांना माहीत होतं. ती माणसं हसत नसत.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा मुलगा नील अकरा वर्षांचा होता. जानेवारीतला शनिवार-रविवार. दीनानाथांचे इंजिनिअरिंग कॉलेजातले मित्र हेमचंद्र माँट्रियलजवळ ब्रॉसार्डला राहत, त्यांच्याकडे चौघांनी जायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीला, आठ वर्षांच्या मैत्रेयीला, ताप भरला. पद्मजा म्हणाली, तुम्ही दोघं जा, नील किती दिवस वाट बघतोय. ते गेले. येताना हायवेवर, नॅपनीच्या जवळ, पुढचा ट्रेलर बर्फावरून घसरून आडवा झाला. त्याला चुकवताना यांची गाडी रस्ता सोडून खाली उलटली. चूक कुणाचीच नव्हती, असं पोलिसांनी स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी हेमचंद्रांनी दीनानाथांना घरी आणून सोडलं. हात गळ्यात बांधलेला. जोडे काढायच्याही आधी, दारातच, ते म्हणाले, "लगेच गेला तो. काही कळलं नाही त्याला."

पद्मजा एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होती. माणूस कसा जातो आणि किती वेळात जातो, हे कुणाला विचारायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही. मिळालेलं वाक्य तिनं मुठीत धरलं आणि त्यावर दिवस काढले. मैत्रेयीला वाढवलं, नोकरी केली, गणपतीत मंडळात मोदक केले. दीनानाथ त्यानंतर नीलबद्दल कधी बोललेच नाहीत. ती बोलायला लागली की ते उठून जात. तिचं बोलणं मग आपोआप कमी झालं.

अपघात झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लायब्ररीनं जुनी पुस्तकं विकायला काढली होती. तिथं एका पुस्तकात दीनानाथांना पिअर्स भेटला. निवडून आल्यावर, शपथविधीच्या दोन महिने आधी, पिअर्स बायको आणि मुलाबरोबर आगगाडीनं घरी चालला होता. डबा रुळावरून उतरून खाली कोसळला. नवराबायको वाचली. अकरा वर्षांचा बेनी त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. आधीची दोन मुलं लहानपणीच गेलेली होती. हा एकच उरला होता.

पुलांची तपासणी करणारा, आयुष्यात कादंबरी न वाचलेला हा इंजिनिअर त्या दिवशी पुस्तक छातीशी धरून घरी आला आणि जेवला नाही. पुढं तो दर उन्हाळ्यात बसनं न्यू हॅम्पशरला जायला लागला. पिअर्सचं घर, पिअर्सची कबर, बेनीची कबर. "चल एकदा," असं त्यांनी पद्मजाला एकदाच म्हटलं. "दुसऱ्याच्या पोराच्या कबरीवर फुलं वाहायला मला बोलावू नका," ती म्हणाली. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

राग त्याचाच होता तिला. त्या बेनीचे केस कसे होते, त्याचा अभ्यास कसा होता, तो कुठल्या बाजूला बसला होता, हे सगळं हा माणूस परक्यांना सांगत हिंडतो. आणि स्वतःच्या मुलाचं नाव काढलं की उठून जातो.

मैत्रेयीलाही तो राग होता. ती युनिव्हर्सिटीत होती तेव्हा एकदा सगळे सेंट कॅथरिन्सला कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेले होते. परतताना तिनं बापाला तिथल्या मोठ्या कबरस्तानात नेलं. अँथनी बर्न्स नावाच्या माणसाची कबर दाखवली. गुलामगिरीतून पळून बॉस्टनला आलेला तरुण. त्याला पकडून मालकाकडे परत पाठवायला पिअर्सनं सैन्य दिलं होतं. भर रस्त्यातून, हजारो लोक हळहळत बघत असताना, सैनिकांच्या गराड्यात त्याला बोटीवर नेलं. पुढं भल्या माणसांनी त्याला विकत घेऊन सोडवलं. तो इथं येऊन चर्चमध्ये पाद्री झाला आणि तिशीही न गाठता वारला.

"हे कधी केलं त्यानं, बाबा? Bennie गेल्यानंतर," मैत्रेयी म्हणाली. "एका वर्षानंतर. स्वतःचं मूल गेलेल्या माणसानं. You never put this in your articles."

दीनानाथांनी टोपी काढली. मग म्हणाले, "माणूस आपल्या दुःखात असला की त्याला शेजारचं दिसेलच असं नाही गं."

"Exactly," मैत्रेयी म्हणाली आणि आईकडं बघितलं.

त्या वर्षीच्या लेखात दीनानाथांनी बर्न्सवर चार पानं लिहिली आणि पिअर्सला कुठंही माफ केलं नाही. पण तसबीर काढली नाही.

भाषणाची कल्पना प्रमिलाची. ती मंडळाचा ज्येष्ठांचा गट चालवायची. दातांची डॉक्टर, आता निवृत्त, पद्मजाची सगळ्यात जुनी मैत्रीण. "बोलू दे गं त्यांना एकदा," ती म्हणाली होती. "अजून जमतंय तोवर." पद्मजानं आढेवेढे घेतले. पण दीनानाथांना विचारलं तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत जीव आलेला दिसला, आणि तिला नाही म्हणवेना.

लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये तीसेक माणसं जमली होती. फेब्रुवारीतली दुपार, बाहेर राखाडी उजेड, खुर्च्यांच्या पाठीवर जाड जाकिटांचे ढीग. मागं टेबलावर चहाचा थर्मास आणि ढोकळा. नंदन नावाचा एक चाळिशीतला इंजिनिअर प्रोजेक्टर लावत होता. त्याचे वडील नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना कुठंतरी न्यायचं म्हणून तो आला होता.

"काका, स्लाइड्स तुम्ही चेंज करणार की मी करू?"

"तू कर. मी मान हलवली की पुढची."

पद्मजा पहिल्या रांगेत कडेला बसली. पर्सवर हात ठेवून. कुठं अडखळले तर कागद पुढं करायचा, असं तिनं ठरवलं होतं.

पण दीनानाथ अडखळले नाहीत. घरी चहाच्या कपाला काय म्हणतात ते विसरणारा माणूस तिथं ताठ उभा राहिला आणि बोलायला लागला. न्यू हॅम्पशरचं थंडीनं फुटणारं रान, बापाची खानावळ, कॉलेजातला वर्गात शेवटून पहिला असलेला मुलगा आणि मग चिडून अभ्यासाला लागलेला. राजकारणाचा तिटकारा असलेली जेन. नवऱ्याला उमेदवारी मिळाल्याचं कळल्यावर तिला चक्क घेरी आली, हे त्यांनी असं काही सांगितलं की बायका हसल्या. नंदनच्या वडिलांनी मोबाईल खिशात ठेवला. प्रमिला दुसऱ्या टोकाकडून पद्मजाकडं बघून हसली, 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशी. पद्मजाचा हात पर्सवरून निघाला. तिला खूप दिवसांनी अभिमान वाटला, आणि वाटला याचं तिला नवलही वाटलं.

दीनानाथांनी मान हलवली. पडद्यावर आईशेजारी उभा असलेला एक लहान मुलगा आला.

"हा बेनी," ते म्हणाले. "सहा जानेवारी. बॉस्टनहून काँकर्डला घरी निघाले होते. दुपार. अँडोव्हर मागं पडलं. पोरगं खिडकीशी. बर्फ भुरभुरत होता, फार नाही. रस्ता काळा दिसत होता, त्यामुळं वाटलं, नुसता ओला आहे. नॅपनीची पाटी गेली. आणि पुढचा ट्रेलर आडवा व्हायला लागला. हळू. इतका हळू, की वाटलं थांबेल."

"काका," मागून नंदन हलक्या आवाजात म्हणाला, "ट्रेन होती ना?"

पद्मजानं वळून न बघता हात वर केला. आपण हात का वर केला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"गाडी कुशीवर पडली," दीनानाथ म्हणाले. ते कुणाकडं बघत नव्हते. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याची पाटी समोरच्या भिंतीवर होती, तिच्याकडं बघत होते. "मी पट्ट्याला लटकत होतो. हा हात हलत नव्हता. मागं वळता येत नव्हतं. तो मागं होता. मी हाक मारली तर म्हणाला, 'बाबा, आय लॉस्ट माय ग्लव्ह.' खिडकी फुटून बाहेर गेला असेल. मी म्हटलं, जाऊ दे रे. तर म्हणाला, 'नो, आई इज गॉना बी मॅड. शी जस्ट बॉट देम.'"

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली आणि थांबली.

"मी म्हटलं, नाही रागावणार. म्हणाला, 'प्रॉमिस?' मी म्हटलं, प्रॉमिस. मग म्हणाला थंडी वाजतेय. माझं जाकीट माझ्याच अंगाखाली अडकलं होतं. ओढलं, निघालं नाही. वरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज येत होता, पण आम्ही खाली होतो, कुणाला दिसत नव्हतो. मी म्हटलं, बोलत राहा. लीफ्सच्या हॉकी प्लेअर्सची नावं सांग. तो सांगायला लागला. गोलकीपर झाला, डिफेन्स झाला. मधे एक नाव आठवेना त्याला. मलाही आठवेना. बराच वेळ तो तेच आठवत होता. मग... मग नाही आठवलं."

ते थांबले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. आणि मान हलवली.

नंदननं काही क्षणांनी स्लाइड बदलली. वॉशिंग्टनची शपथविधीची गर्दी.

"आणि चार मार्चला हा माणूस शपथ घ्यायला उभा राहिला," दीनानाथ पूर्वीच्याच आवाजात म्हणाले. "बायबलची शपथ घेतली नाही त्यानं. देवावरून मन उडालं होतं. पहिल्याच वाक्यात म्हणाला, माझ्या मनात काय आहे ते माझं मला ठाऊक, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

पुढचं पद्मजाला ऐकू आलं नाही. कॅन्सस झालं असेल, बर्न्स झाला असेल. ती हातांकडं बघत बसली. बेनी पिअर्स जागच्या जागी गेला होता; हे तिला माहीत होतं, कारण दीनानाथ प्रत्येक वेळी ते आवर्जून सांगत. आणि दीडशे वर्षांपूर्वीचा गोरा मुलगा आपल्या आईला 'आई' म्हणाला नसता.

त्या हातमोज्यांची जोडी तिनं शुक्रवारी सीअर्सच्या दुकानातून आणली होती. निळी. निघताना तिनं नीलला बजावलं होतं: या हिवाळ्यात तू तीन जोड्या हरवल्यास, ही हरवलीस तर बघ.

टाळ्या झाल्या. आधी चाचरत, मग जोरात, जरुरीपेक्षा जास्त वेळ. नवीन माणसांना वाटलं, वय झालंय, थोडी गल्लत झाली. जुन्यांनी खाली बघत टाळ्या वाजवल्या. प्रमिला उठून आली आणि तिनं पद्मजाचा दंड धरला. तिचे डोळे भरले होते.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"पद्मजा, आजारात माणसं काहीबाही जुळवतात गं. खरंच असं झालं असेल असं नाही."

"हो," पद्मजा म्हणाली. "तसंही असेल."

मागं दीनानाथ ढोकळा खात उभे होते. "काका, एकही कागद नाही हातात, मान गये!" नंदनचे वडील त्यांना सांगत होते, आणि ते लहान मुलासारखे खुलले होते. नंदन मात्र बाजूला उभा राहून वायर गुंडाळत होता. पद्मजा जवळून गेली तेव्हा म्हणाला, "सॉरी काकू. मी मधे बोलायला नको होतं." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जाकीट शोधायला गेली.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. यंग स्ट्रीटवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. वायपर काचेवरून फिरत होते. दीनानाथ शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, समाधानी.

"चांगलं झालं ना?" त्यांनी विचारलं.

"फार चांगलं झालं."

"कॅन्ससचा भाग लांबला थोडा."

"नाही लांबला."

सिग्नल लाल झाला. पद्मजानं गाडी थांबवली. तिला वाटलं, आता विचारलं नाही तर उद्या विचारायला हा माणूस जागेवर असेल की नाही कोण जाणे. मग वाटलं, विचारून काय करणार? आणि हे दोन्ही वाटत असतानाच तिच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, नील किती वेळ बोलत होता?"

दीनानाथ वळून तिच्याकडं बघू लागले. त्या नजरेत गोंधळ नव्हता. गेल्या काही महिन्यांत तिनं त्यांच्या नजरेतला गोंधळ ओळखायला शिकून घेतलं होतं. तो येतो कसा आणि जातो कसा, सगळं. ही नजर वेगळी होती. गळ्यात हात बांधून दारात उभा राहिलेला माणूस असाच बघत होता.

"लगेच गेला तो," ते म्हणाले. "काही कळलं नाही त्याला."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

पद्मजा गाडी चालवत राहिली आणि विचार करत राहिली. मूल काचांमध्ये, थंडीत पडलेलं, आणि त्याला भीती कशाची, तर आई रागावेल याची. हे या माणसानं एवढी वर्षं एकट्यानं पोटात ठेवलं. तिला ते ऐकावं लागू नये म्हणून तो बेसमेंटमध्ये एका मेलेल्या अध्यक्षापाशी जाऊन बसला. ती वर स्वयंपाकघरात बसून त्याला निर्दय म्हणत राहिली. आता त्याच्यावर रागवायचीही सोय गेली होती, आणि त्याच्या गळ्यात पडून रडायचीही. रडली असती तर त्याला कळलं असतं की आपण बोलून गेलो. ज्यासाठी त्यानं जन्म घालवला तेवढंच एक काम आपल्या हातून फसलं, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. आणि काही महिन्यांनी त्याच्या डोक्यातून हे सगळं पुसलं जाणार होतं. मग नीलचं ते शेवटचं बोलणं, खरं म्हणून, जगात एकट्या तिच्यापाशी राहणार होतं.

घरात शिरल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला. तेवढ्यात फोन वाजला. मैत्रेयी कॅल्गरीहून दर शनिवारी या वेळी फोन करायची.

"So? How did it go?"

"छान झालं. सगळ्यांनी खूप टाळ्या वाजवल्या."

"He didn't get lost?"

"थोडं इकडंतिकडं झालं. पण कागद नाही घेतला त्यांनी."

"Of course he didn't." मैत्रेयी हसली. मागं तिची मुलं कशावरून तरी भांडत होती, दार लागल्याचा आवाज आला आणि ते भांडण ऐकू येईनासं झालं. "आई, एक विचारू? बाबा कधी बोलले का गं तुझ्याशी? Not Pierce. Neel बद्दल. मला वाटतं, मी येऊन विचारावं एकदा, before... you know. मला ताप नसता आला तर आपण सगळे असतो त्या गाडीत. I think about that, like, all the time."

"असं काही मनात आणू नकोस."

"I know. पण ते कधी काही बोलले का?"

पद्मजानं बाहेरच्या खोलीकडं बघितलं. दीनानाथ कप दोन्ही हातांत धरून खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"Okay," मैत्रेयी म्हणाली. "ठीक आहे. मे महिन्यात येते मी."

फोन ठेवल्यावर पद्मजानं परत जाकीट घातलं. नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक रस्त्यावरून गेला होता आणि त्यानं नेहमीप्रमाणं ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओल्या बर्फाचा बांध घालून ठेवला होता. तो आत्ताच काढला नाही तर सकाळपर्यंत दगड होतो. तिनं गराजमधून फावडं काढलं आणि शोव्हल करायला लागली. शेजारचे इराणी गृहस्थ आपलं मशीन ढकलत आले.

"मॅडम, प्लीज. आय डू इट. टू मिनिट्स."

"नो, नो. थँक यू. आय ॲम फाइन."

"युवर बॅक, मॅडम."

"आय ॲम फाइन," ती पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण ते मान लववून परत गेले.

बांध संपला तरी ती थांबली नाही. ड्राइव्हवेचा उतार, मग गाडीभोवतीची जागा, मग जिथून कुणी चालत नाही तो लॉनच्या कडेचा पट्टा. वरून पडतच होतं. साफ केलेलं तिच्या मागं पुन्हा पांढरं होत होतं. उजेड गेला आणि रस्त्यावरचे दिवे लागले. एकदा पाठ सरळ करायला म्हणून ती उभी राहिली तेव्हा खिडकीच्या काचेमागं दीनानाथ उभे असलेले तिला दिसले. केव्हापासून उभे होते कोण जाणे. तिनं हात वर केला. त्यांनीही केला, रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला करतात तसा, आदबीनं.

ती पुन्हा वाकली.